अवघ्या पन्नास मिनिटांवर

तिला राग आला तो आधी त्या एका शब्दाचा. बाकी सगळ्याचा मागाहून आला, आणि असा आला की पुढे दिवसभर तिला तो आवरता आला नाही. सकाळी ऑफिसात येऊन तिने नुकतीच पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली होती, कॉम्प्युटर अजून घुरघुरत जागा होत होता, आणि फोनवर दादाचा निरोप आला. 'सुखरूप पोचलो. आईचीही सोय लावून आलो. तो तुझ्या बाजूचा वृद्धाश्रम नको वाटला, त्यापेक्षा फार चांगलं ठिकाण मिळालं. तुझ्यापासून किती जवळ आहे ते बघ आणि आता निवांत झोप.' खाली एका चित्रात इंटरनेटवरचं एक पान होतं. दोन गावांची नावं, दोन विमानतळांना जोडणारी एक निळी कमान, आणि कमानीखाली वाक्य : 'या दोन विमानतळांमधले अंतर विमान अवघ्या पन्नास मिनिटांत पार करते.' तिने ते वाक्य एकदा वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते वाक्य तिचं होतं. याच खुर्चीत बसून, याच टेबलावर कोपर टेकून तिने ते लिहिलं होतं, आणि त्यातला 'अवघ्या' तर दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता.

तिचं काम तसं सांगायला सोपं होतं, पण कुणाला सांगितलं तर ते हसायचे. प्रवासाची माहिती देणाऱ्या एका कंपनीत ती वाक्यं लिहायची. जगातले कुठलेही दोन विमानतळ घ्या, त्यांच्यामधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणारं एक पान कंपनीकडे तयार असायचं. पानं मशीनच करायचं. पलीकडच्या टेबलावर बसणाऱ्या, सगळे ज्याला गणित्या म्हणत, त्या पोराने हिशेबाची रीत बसवून दिली होती, आणि त्या रीतीत शब्द हिने ओतले होते. एक वाक्य लिहायचं, गावांच्या आणि आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या, मशीन त्या भरत सुटायचं. सुरुवातीला तिने लिहिलं होतं, 'विमानाला इतकी मिनिटे लागतात.' साहेबांना ते आवडलं नाही. 'अहो, मेल्यासारखी वाक्यं आहेत ही. जरा जीव घाला की त्यांच्यात,' ते म्हणाले होते. मग तिने जीव घातला. तासाच्या आतला प्रवास असेल तर 'अवघ्या'. साहेब खूश झाले, तिलाही त्या दिवशी बरं वाटलं होतं. पण त्या दोन गावांमध्ये विमान मुळात उडतं का, हे त्या पानावर कुठेच नव्हतं. ते ना मशीनला कुणी विचारलं होतं, ना गणित्याला, ना तिला.

आणि तिला तर ठाऊक होतं. तिच्या शहरातून दोन विमानं सुटत, दोन्ही राजधानीला. दादाने आईला जिथे नेऊन ठेवलं होतं त्या गावाचा विमानतळ कुठल्याशा मंत्र्याच्या हट्टापायी बांधला गेला होता. फीत कापली गेली, फोटो निघाले, मंत्र्याला घेऊन आलेलं विमान मंत्र्याला घेऊन परत गेलं, आणि तेव्हापासून तिथे कावळासुद्धा उतरला नव्हता म्हणतात. नकाशावर तो विमानतळ होता, त्याची खूण होती, म्हणून मशीनला तो ठाऊक होता. दोन गावांच्या मध्ये डोंगर होता आणि डोंगराच्या पायथ्याशी धरणाचं अफाट पाणी. निळी कमान त्या सगळ्यावरून खुशाल उडी मारून गेली होती. माणसाला मात्र पाण्याला वळसा घालून, घाट चढून, एक बस सोडून दुसरी पकडून दिवसभर बूड घासत जावं लागत होतं.

तिने जिन्यात जाऊन दादाला फोन लावला. जिन्यात सिगारेटचा वास मुरलेला होता आणि कुणाची तरी छत्री कठड्याला लोंबत होती. दादाचा आवाज झोपाळलेला, पण समाधानी होता. मोठं काम हातावेगळं केलेल्या माणसाचा आवाज. 'बघितलंस? तुला चकितच करणार होतो. खोली एवढी मोठी, खिडकी भिंतभर, दोन म्हाताऱ्यांमागे एक बाई. त्या दुसऱ्या ठिकाणी काय होतं? अंधारी बोळकांडी.'

'दादा, ते दुसरं ठिकाण माझ्या घरापासून बसने दोन तासांवर आहे.'

'तेच तर म्हणतोय मी! दोन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची, त्यापेक्षा हे पन्नास मिनिटं. सकाळी निघालीस तर जेवायला आईजवळ.'

'अरे, विमान नाहीये तिथे.'

'नाहीये म्हणजे? लिहिलंय की.'

लिहिलंय की. तिच्या तोंडात शब्द आले होते, ते मी लिहिलंय, मूर्खा, मी, पण ते बाहेर पडेनात. तिने एवढंच विचारलं, 'आणि आई काय म्हणाली?' दादा म्हणाला, 'आधी कुरकुरत होती. हेच पान वाचून दाखवलं तिला, तशी लगेच हो म्हणाली. तिच्या हो म्हणण्यावरच तर सगळं ठरलं. आता उगाच खुसपट काढू नकोस, मी दोन रात्री डोळा मिटलेला नाही.' आणि त्याने फोन ठेवला. तो नेहमीच असा फोन ठेवायचा, शेवटचं वाक्य आपल्याकडे घेऊन.

जिन्यात उभ्या उभ्या या संतापाला नेमकं कुठे ठेवायचं हे तिला कळत नव्हतं. आईची सोय लावली! जशी जुन्या कपाटाची लावतात, कुणाकडे जागा आहे विचारून. आणि तिला लहानपणापासूनचं सगळं एकदम आठवायला लागलं, एकामागून एक, नको असताना. वडील रेडिओवर बातम्या ऐकत आणि तिथूनच तिने कधीतरी हा 'अवघ्या' उचलला होता. अर्थ पुरता कळायच्या आधीच तो तिच्या तोंडी बसला. अवघ्या दोन मिनिटांत येते. अवघं एक बिस्कीट दे ना. अवघी एकदाच पडले, रडले नाही. दादा खो खो हसायचा. त्यानेच तिचं नाव 'अवघी' ठेवलं होतं, ते गल्लीभर झालं, शाळेपर्यंत पोचलं, त्यापायी तिने एकदा त्याच्या हाताला कडकडून चावाही घेतला होता. आणि तोच दादा, आज हातात ते वाक्य धरून, तो शब्द डोळ्यांसमोर असताना, त्याला काही म्हणता काही वाटू नये? ज्याने नाव ठेवलं त्याला नाव ओळखू येऊ नये? खरं तर या एका गोष्टीचा तिला विमानाहूनही जास्त राग आला होता.

वडील गेले त्या दिवसाची गोष्ट तर अजूनच निराळी. आईने दोघांना पोटाशी धरून म्हटलं होतं, 'आता मला अंतर देऊ नका रे.' ती तेव्हा शाळेत मोजपट्टीने रेघा आखायला शिकत होती. तिला वाटलं अंतर म्हणजे मोजपट्टीवरचं. तिने रडत रडत विचारलं होतं, 'किती, आई?' आणि त्या तसल्या दिवसात आई हसली होती. मग दादाने त्याची थट्टाच करून टाकली. कॉलेजला निघाला, 'आई, वीतभर अंतर देतो हं.' नोकरीला निघाला, 'हातभर.' परदेशी निघाला तेव्हा मात्र काही म्हणाला नाही. तेव्हापासून घरात ती 'जवळची' झाली. जवळची म्हणजे आजारपणं तिची, छत गळलं तर ती, डॉक्टरांचा फोन आला तर ती. लांबच्याने फोनवर गोड बोलावं, वर्षातून एकदा भेटवस्तू घेऊन यावं आणि निर्णय घेऊन जावं. आणि यंदा तो म्हणाला होता, 'तू नोकरी सांभाळ, मी आलोय ना, मी बघतो सगळं,' तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. खोटं कशाला? अगदी मनापासून हायसं वाटलं होतं. तिच्या दोन खोल्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईचे गुडघे गेलेले. दुसरा उपाय नव्हता आणि तो उपाय तिला स्वतःच्या हाताने करावा लागत नव्हता. गेले काही दिवस दादा सांगत होता, 'आई दमलीय, बांधाबांध चाललीय, नंतर बोल,' आणि ती म्हणत होती, 'बरं.' त्या हायसं वाटण्याचाही तिला आता संताप आला.

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब संत्र्याची साल काढत होते, पिवळसर शिरा कागदावर नीट रचून ठेवत होते. तिने सगळं सांगितलं, आईचं मात्र सांगितलं नाही. 'ते पान खाली उतरवा. निदान विमान जात नाही एवढं तरी लिहू.' साहेबांनी एक फोड तोंडात टाकली. 'बाई, असं एक पान उतरवून भागायचं नाही. निम्म्या पानांवर विमान नाहीये. उतरवायची म्हटली तर दुकानच बंद करावं लागेल.' ती म्हणाली, 'पण लोकांना वाटतं ना विमान आहे!' साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, 'आपण तसं म्हटलंय का कुठे? अंतर पार करतं म्हटलंय. करेल ना, गेलं तर. लोक अंतर शोधतात हो, विमान नाही शोधत.' दाराशी उभा असलेला गणित्या हसू दाबत म्हणाला, 'ताई, आकडा चोख आहे हां. दोन टोकांना दोरी ताणून मोजलाय.' त्याचा गालगुच्चा घ्यावा इतकं निरागस तोंड होतं त्याचं, आणि तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आकडा चोख होता. साहेबही चोख होते. दादाने सद्भावनेने केलं होतं, आईने आपणहून हो म्हटलं होतं. इतकी सगळी माणसं आपापल्या जागी बरोबर होती आणि त्यातून एक म्हातारी बाई डोंगरापलीकडे जाऊन पडली होती. 'मी आज अर्ध्या दिवसाची रजा घेतेय,' ती म्हणाली, आणि दाराबाहेर पडता पडता, 'उद्याचीही.'

बस डेपोवरूनच तिने त्या दोन तासांवरच्या वृद्धाश्रमाला फोन केला. खोली अजून रिकामी होती, आणि उद्या संध्याकाळपर्यंत ठेवू म्हणाले, त्यापुढे नाही. म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत आई तिथे पोचायला हवी होती. नाहीतर आईचं उरलेलं आयुष्य त्या भिंतभर खिडकीत, आणि तिचं या बसमध्ये. बस जुनी होती. खिडकीची काच रबरातून सुटून अखंड खडखडत होती, पुढच्या सीटच्या फाटलेल्या रेक्झिनमधून पिवळा स्पंज डोकावत होता, त्यात कुणीतरी तिकिटाची गुंडाळी खोचून ठेवली होती. पहिला बराच वेळ ती मनातल्या मनात दादाशी भांडली. काय भांडली! उभ्या आयुष्यात दादाला कधी सुनावलं नव्हतं ते सगळं तिने सुनावलं, आणि तो खडखडणाऱ्या काचेतून निमूटपणे ऐकत राहिला. तू लांब राहतोस म्हणून तुझं चुकत नाही. माझं रोज चुकतं, कारण मी समोर असते. तुझी भेट म्हणजे सोहळा आणि माझी म्हणजे हजेरी. मग धरण आलं. पाणी सपाट, करड्या रंगाचं, आणि त्याच्या पलीकडे, खरंच अगदी समोर, तो डोंगर, ज्याच्यामागे आई होती. हात लांब केला तर लागेल इतका. बस पाण्याच्या कडेकडेने जायला लागली आणि डोंगर समोरून बाजूला, बाजूने मागे सरकत गेला. जवळ जाण्यासाठी आधी इतकं दूर जावं लागतं हे पाहून तिच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. शेजारच्या बाईला वाटलं बस लागते आहे, तिने पर्समधून लिंबाची गोळी काढून दिली. ती गोळी चघळत तिने आईशी भांडायला सुरुवात केली. तू हो का म्हणालीस? एकदा मला विचारायचं होतंस. जन्मभर मला विचारलंस, दूध नासलं तरी विचारलंस, आणि हे तेवढं विचारलं नाहीस?

दुसरी बस उशिरा आली आणि तिच्यात बसायला जागा नव्हती. घाटभर ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभी होती. पायातल्या चपलांचे पट्टे काचायला लागले होते. एका वळणावर खाली सपाटी दिसली आणि सपाटीवर ती धावपट्टी. लांब, सरळ, तडे गेलेली, तड्यांतून वाढलेलं गवत, आणि मधोमध दोन कुत्री ऊन खात पसरलेली. काठावर विमानतळाची इमारत होती, तिच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. हे ते गाव. हे ते कमानीचं दुसरं टोक. एकदा वाटलं, उतरावं, फोटो काढावा आणि दादाच्या तोंडावर फेकावा. पण बस थांबली नाही.

वृद्धाश्रमाच्या दारातली मावशी आईचं नाव ऐकून हसली. 'आलात का विमानवाल्या ताई? तुमच्या दादांनी जाताना सांगितलंय सगळ्यांना, लेक विमानाने येत जाईल म्हणून.' भेटायची वेळ संपत आली होती, तरी मावशी म्हणाली, बसा तुम्ही निवांत, लांबून आलाय. खोली खरंच मोठी होती. खिडकी खरंच भिंतभर होती. आई खुर्चीत बसली होती, मांडीवर चष्मा, केस कुणीतरी नीट विंचरून दिलेले. तिने सगळ्या रस्त्यात जमवलेलं भांडण आता ओठांवर होतं. 'आई, तू...' ती म्हणाली, आणि आईने तिच्या चेहऱ्याकडे न बघता आधी पायांकडे बघितलं.

'पाय केवढे सुजलेत गं. बसमध्ये उभी होतीस का?'

ती पलंगावर बसली. 'तुला कोण म्हणालं मी बसने आले?'

'ही समोर विमानांची पट्टी आहे ना. आल्यापासून बघतेय. कुत्र्यांखेरीज कुणी फिरकत नाही तिथे,' आई म्हणाली. 'पहिल्या सकाळीच कळलं मला. दादा तेव्हा निघायच्या घाईत होता. म्हटलं, जाऊ दे, इतक्या लांब जायचंय त्याला, मनाला खात बसेल.'

'म्हणजे त्याच्या मनाला लागू नये म्हणून तू इथे पडून राहणार होतीस? आणि माझ्या मनाचं काय?' तिचा आवाज इतका चढला की बाहेरून मावशी डोकावून गेली. 'तो लांब म्हणून त्याला जपायचं, मी जवळची म्हणून मला काही सांगायचंच नाही! जन्मभर हेच चाललंय.' तिने फोन काढला आणि दादाला लावला, आणि त्याने 'पटलं ना? बघ, म्हटलं नव्हतं?' म्हणेपर्यंतसुद्धा तिला दम निघाला नाही. 'दादा, मी आईला उद्या त्या दुसऱ्या ठिकाणी नेतेय. खोली धरून ठेवलीय.' पलीकडून दादा म्हणाला, 'अगं वेडी आहेस का, पन्नास मिनिटं सोडून दोन तास...' आणि ती ओरडली, 'इथे विमान येत नाही! कधीच आलं नाही!'

'पण लिहिलंय ना स्वच्छ...'

'मी लिहिलंय ते. माझ्या हाताने. तेच माझं काम आहे, दादा. तू मला अवघी म्हणायचास, आठवतंय का तरी?'

दादा एवढंच म्हणाला, 'आईला विचार आणि तुम्हाला बरं वाटेल ते करा,' आणि या वेळी फोन तिनेच ठेवला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. ती खोलीभर फिरून आईच्या वस्तू गोळा करायला लागली, कंगवा, औषधांची डबी, उशाखालचा रुमाल, आणि प्रत्येक वस्तू बॅगेत जरा जास्तच जोरात टाकत होती. 'आणि तू!' ती मागे न वळताच म्हणाली, 'तो काहीही वाचून दाखवेल. तू लगेच हो कसं म्हटलंस? मला एक फोन करता आला नाही?'

आईने चष्मा लावला, काढला, पदराने पुसला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. 'नको म्हणणार होते मी,' ती म्हणाली. 'दोनदा म्हणालेही. मग त्याने ते वाचलं. आवाज त्याचाच होता, पण तो अवघ्या म्हणाला ना, मला वाटलं, तूच बोलतेयस. वाटलं, त्याने तुला विचारून घेतलंय आणि तूच मला बोलावते आहेस.'

रुमाल तिच्या हातातच राहिला. दिवसभर जो राग इतक्या जणांवर काढून झाला होता, त्याला आता आत वळण्यावाचून जागाच उरली नाही. खिडकीबाहेर कुत्री उठून कुठेतरी निघून गेली होती आणि पट्टी मोकळी पडली होती. आई खुर्चीत जरा एका बाजूला सरकली, जणू त्या एवढ्याशा खुर्चीत दोघींना पुरेल इतकी जागा होती, आणि म्हणाली, 'ये. बस आधी. पाय वर घे.'